भांडून आलेलं मांजर: पहिल्या तासापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत

मांजर भांडून घरी आलं की घरात एकच गडबड उडते. कुणी हळदीचा डबा काढतं, कुणी डेटॉलची बाटली शोधतं, आणि मांजर तोवर पोटमाळ्यावर नाहीतर सरपणाच्या ढिगामागे जाऊन बसलेलं असतं. रात्रीनंतर ते खाली येतं, जरा लंगडतं, चार घास खातं, आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचं अंग तापतं, गालावर नाहीतर शेपटीच्या मुळाशी गोळा येतो, ते खाणं सोडतं. मांजराच्या भांडणात खरा धोका असतो तो हा. पहिल्या दिवशीचं रक्त सगळ्यांना दिसतं, तिसऱ्या दिवशीचा पू कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून या लेखात औषधांच्या नावांपेक्षा कधी काय बघायचं यावर जास्त भर आहे.

बेळगाव शहरातली मांजरं बहुतेक कौलांवरून, गच्च्यांवरून फिरणारी. शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, त्यामुळे एका बोक्याच्या हद्दीत दुसरा बोका सहज घुसतो. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, किंवा उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या हल्याळ-जोयड्याच्या बाजूला रान दाराशी येतं. तिथं मुंगूस, उदमांजर, साप यांच्याशी गाठ पडते. निपाणी-चिकोडीच्या मळ्यांत आणि बीदरच्या भालकी-औरादकडच्या वस्त्यांवर भीती कुत्र्यांच्या टोळीची. मांजर एकच, पण शत्रू बदलला की उपाय बदलतो.

कुणाशी भांडलं, याचा अंदाज घ्या

दुसऱ्या मांजराचा सुळा म्हणजे दाभण. आत खोल जातो आणि वर फक्त एक बारीक भोक ठेवतो. ते भोक काही तासांत मिटतं आणि तोंडातले जंतू, त्यात पाश्चुरेला नावाचा जंतू फार करून असतो, कातडीखाली कोंडले जातात. तिथं पू धरतो. जखमा डोक्यावर, गालावर, पुढच्या पायांवर असतील तर तुमचं मांजर समोर उभं राहून भांडलं. शेपटीच्या मुळाशी किंवा मागच्या पायांवर असतील तर ते पळताना चावलं गेलं. हे कळलं की केसांत कुठं शोधायचं ते कळतं.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. कुत्रा मांजराला पाठीवर किंवा छातीवर धरून झटकतो. मांजराची कातडी सैल असते, त्यामुळे वरून दोन-चार दातांच्या खुणा दिसतात, पण खालचा स्नायू चिरडलेला, बरगडी मोडलेली, फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. पोट आणि छाती यांच्यामधला पडदाही फाटू शकतो. त्यामुळे माझा ठाम सल्ला असा की कुत्र्याने धरलेलं मांजर कितीही ठीक दिसत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. «चालतंय की, खातंय की» म्हणून थांबू नका.

साप असेल तर एक मिनिटही घालवू नका. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आहेत. घोणस किंवा फुरसं चावलं तर सूज झपाट्याने वाढते आणि रक्त थांबत नाही. नाग किंवा मण्यार चावली तर पापण्या जड होतात, मान पडते, श्वास अडखळतो. मण्यारीच्या चाव्याची खूण तर अनेकदा सापडतही नाही. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखायला जाऊ नका. मांजराला शक्य तितकं हालू न देता दवाखाना गाठा. निघण्याआधी फोन करून प्रतिविष आहे का विचारा, म्हणजे दोन दारं ठोठावण्यात वेळ जाणार नाही. साप शोधायला मागे कुणी थांबू नये.

माकड किंवा वानर यांचा चावा मोठा आणि फाटलेला असतो, त्याला टाके लागू शकतात. मुंगसाचा आणि उदमांजराचा चावा लहान दिसला तरी रेबीजच्या दृष्टीने तो कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीरपणे घ्यायचा. हे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. रागाच्या भरात सापळे लावून त्यांच्या मागे लागू नका.

पहिला तास

सगळ्यात आधी स्वतःचे हात वाचवा. दुखणारं मांजर आपल्या माणसालाही चावतं, त्यात त्याचा दोष नाही. जाड टॉवेल किंवा जुनी चादर घ्या, आवाज न करता जवळ जा, वरून हलकेच टाका आणि गुंडाळून उचला. मानगूट धरून लोंबकळत उचलू नका. छातीला, मणक्याला मार असेल तर तसं उचलल्याने इजा वाढते. पाठीवर मार असल्याची शंका असेल तर पुठ्ठ्यावर सरकवून घ्या.

तरीही चावलं किंवा ओरखडलं, तर आधी तुमची जखम धुवा. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून पूर्ण १५ मिनिटं. मग डॉक्टरांकडे. त्यावर चुना, मिरची, हळद, तंबाखू काहीही लावायचं नाही. गावाकडे अजून हे चालतं आणि त्यात धुण्याची वेळ निघून जाते. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. शिवाय मांजराचा हाताला झालेला चावा एका दिवसात सुजून लाल होऊ शकतो, म्हणून तो अंगावर काढू नये. घरात लहान मुलं असतील तर त्यांना विचारून बघा, मुलं ओरडा खायच्या भीतीने ओरखडा लपवतात.

आता मांजराकडे. एका शांत, अर्धवट अंधाऱ्या खोलीत न्या, दार लावा, आणि लगेच हात न लावता दोन मिनिटं नुसतं बघा. श्वास कसा चाललाय? शांत बसलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला २० ते ३० असतो. ४० च्या वर जात असेल, पोट जोराने आत-बाहेर होत असेल, किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर पुढचं काहीही वाचू नका, निघा. कुत्रा जिभेने धापा टाकतो ते नेहमीचं, मांजराने तसं करणं संकटाचं लक्षण आहे.

ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर, कान आणि पंजे गार, मांजर सुस्त, असं असेल तर ते शॉकमध्ये आहे, म्हणजे अंगातला रक्तपुरवठा कोलमडतोय. त्याला कपड्यात गुंडाळा, बाटलीत कोमट पाणी भरून, बाटलीला टॉवेल गुंडाळून बाजूला ठेवा, आणि दवाखान्याकडे निघा. या अवस्थेत तोंडात पाणी, दूध, तूप, ब्रँडी काहीही घालायचं नाही. ते श्वासनळीत जातं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून सरळ दाबा आणि पाच ते दहा मिनिटं उचलून बघू नका. दर अर्ध्या मिनिटाला «थांबलं का?» म्हणून बघितलं की साखळलेलं रक्त परत सुटतं. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. छातीला भोक पडून हवेचा फुसफुस आवाज येत असेल तर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा त्यावर दाबून धरा. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाका. डोळा बाहेर आल्यासारखा दिसत असेल तर त्यावरही तसंच ओलं कापड. या तिन्ही वेळी तुमचं काम एवढंच, बाकी सगळं डॉक्टरांचं.

कपाटातली बाटली आणि डब्यातली गोळी

हा भाग मी सगळ्यात कळकळीने लिहिते आहे, कारण भांडणातून वाचलेली मांजरं इथं दगावतात.

पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. क्रोसिन, डोलो, कालपोल, मुलांचं तापाचं गोड सिरप, सगळं त्यातच आलं. मांजराच्या यकृताला हे औषध मोडून बाहेर टाकता येत नाही. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. चुकून कुणी दिलीच असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जा आणि किती, केव्हा दिली ते खरं सांगा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत लागतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन याही गोळ्या तितक्याच वर्ज्य. वेदनाशामक औषध मांजरांसाठीही असतं, पण ते वजन बघून, थेंबांत मोजून डॉक्टर देतात.

डेटॉल, फिनेल, सॅव्हलॉन जखमेला लावू नका. मांजर ते चाटतं. डेटॉल आणि फिनेलमधली रसायनं त्याच्या अंगात साचतात, सॅव्हलॉनने जीभ आणि तोंड भाजतं. खोली पुसतानाही त्या दिवसांत फिनेल टाळा, साधं साबणाचं पाणी पुरे. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघून बरं वाटतं, पण तो जखमेतल्या चांगल्या पेशीही जाळतो. टी ट्री, निलगिरी अशी उग्र तेलं नकोत. गोठ्यात जनावरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइन ओततात. मांजराला तेही विष आहे. कुत्र्याच्या गोचिडांची पावडर किंवा थेंब, ज्यात परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात.

आणि हळद. शेजारच्या काकू नक्की म्हणणार, «अगं हळद दाब की जरा, आमच्यात सगळ्यांस्नी तेच लावतोय.» त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. वरवरच्या खरचटण्याला हळदीने फारसं बिघडणारही नाही. पण सुळ्याने केलेल्या भोकात हळद दाबली की तोंडाशी खपली धरते, पू आत कोंडतो, आणि डॉक्टरांना जखमेचा रंगच दिसत नाही. काकूंना सांगा, «डॉक्टरांनी नको म्हटलंय.» एवढ्यावर वाद मिटतो.

जखम धुणं

श्वास, हिरड्या, रक्त ठीक असेल तर जखमा शोधा. कानापासून शेपटीपर्यंत बोटं केसांच्या उलट दिशेने हळू फिरवा. ओलसर, चिकट केसांचा पुंजका लागला की खाली भोक असतं. एक सापडलं की शेजारी दुसरंही शोधा, सुळे जोडीने असतात. पोटाखाली आणि काखेत बघायला विसरू नका.

धुवायला मेडिकलमधली सलाईनची बाटली उत्तम. नसेल तर अर्धा लिटर पाणी चांगलं उकळा, त्यात सपाट एक चहाचा चमचा साधं मीठ घाला, कोमट होऊ द्या. सुई काढलेल्या सिरिंजने ते पाणी जखमेवर सोडा. जोराने आत पिचकारी मारू नका, वरून वाहू द्या, भरपूर. कापूस वापरू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात. जाळीचं कापड, म्हणजे गॉज, वापरा.

नंतर बीटाडीन लावायचं असेल तर पाण्यात इतकं पातळ करा की बिनदुधाच्या फिक्या चहाचा रंग येईल. बाटलीतलं जसंच्या तसं लावू नका. डोळ्यांत आणि तोंडात जाऊ देऊ नका. पट्टी बांधण्याची घाई नको. भोकाची जखम उघडी राहून वाहिली तर बरी, आणि घट्ट बांधलेल्या पट्टीने पाय सुजतो.

डोळा अर्धवट मिटलेला असेल, पाणी येत असेल, तर बुबुळाला नखाचा ओरखडा असू शकतो. सलाईनने धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉईड असलं तर ओरखड्याचं भोक होऊन डोळा जाऊ शकतो.

दवाखाना गाठताना

मांजराची पेटी नसेल तर भाजीची बुट्टी घ्या, तळाला जुना टॉवेल घाला, वर दुसरी बुट्टी उपडी ठेवून दोरीने बांधा. हवा खेळती राहते आणि अंधारही मिळतो. पिशवीत किंवा पोत्यात घालू नका. मोटारसायकलवर जायचं असेल तर मागे बसणाऱ्याने बुट्टी मांडीवर घट्ट धरावी. कणकुंबीकडून बेळगावला यायला तास-दीड तास लागतो, पावसात त्याहून जास्त. म्हणून निघण्याआधी डॉक्टर आहेत का हा फोन करायलाच हवा. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर सोयीचं पडतं, बीदरकडच्यांना बीदरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा सरकारी क्रमांक आहे. तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी असला तरी जवळच्या डॉक्टरांबद्दल विचारायला हरकत नाही.

सरकारी पशू दवाखान्यात डॉक्टर कन्नडभाषक असले तर अडखळू नका. «बेक्किगे नायि कच्चिदे» म्हणजे मांजराला कुत्रा चावलाय. «ऊटा माडतिल्ला» म्हणजे खात नाही. एवढ्यावर बोलणं सुरू होतं, पुढचं मराठी-हिंदीत निभावतं.

डॉक्टर विचारतील त्याची उत्तरं कागदावर लिहून न्या: भांडण केव्हा झालं, कुणाशी, शेवटचं कधी खाल्लं, लघवी झाली का, रेबीजची लस शेवटची कधी, घरी काय दिलं किंवा लावलं, वजन किती. शेवटची लघवी कधी झाली हे मी मुद्दाम लिहायला सांगते. पोटावर मार बसून मूत्राशय फाटलं असेल तर त्याचा पहिला सुगावा तिथंच लागतो.

तिथं साधारण काय होईल? जखमेभोवतीचे केस काढतील, आत धुतील, प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि मग गोळ्या किंवा सिरप. चाव्याची जखम अनेकदा मुद्दाम न शिवता उघडी ठेवतात, त्यावरून डॉक्टरांवर नाराज होऊ नका, ती शिवली तर पू आत कोंडतो. कुत्र्याचा चावा असेल तर छातीचा एक्स-रे मागा. प्रतिजैविकाचा कोर्स जितक्या दिवसांचा दिलाय तितके दिवस पुरा करा. तिसऱ्या दिवशी मांजर उड्या मारतंय म्हणून थांबवला तर पू परत धरतो, आणि या वेळी तेच औषध लागू पडेल याची खात्री नसते.

रेबीजबद्दल स्पष्ट बोला. लस घेतलेली असली तरी चाव्यानंतर तातडीने बूस्टर देतात. लस कधीच दिली नसेल आणि अनोळखी कुत्रा चावला असेल, तर लसींचा क्रम डॉक्टर ठरवतील, आणि तुम्हाला पुढचे काही महिने मांजरावर नजर ठेवावी लागेल. लक्षणं काही आठवड्यांतही दिसतात, काही महिन्यांनीही. कारण नसताना अंगावर येणं, लाळ गळणं, गिळता न येणं, चाल लटपटणं, आवाज बदलणं, यातलं काही दिसलं तर हात न लावता खोली बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार नाही, प्राण्यालाही नाही आणि माणसालाही नाही.

दुसरा ते पाचवा दिवस

दवाखान्यात गेला असाल किंवा किरकोळ म्हणून घरीच ठेवलं असेल, हे दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचे आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच क्रमाने बोटं फिरवा. गरम लागतंय का? कालपेक्षा फुगलंय का? हात लावला की गुरगुरतंय का? केस एका ठिकाणी झडतायत का? तिथं पू धरतोय.

ताप मोजायला वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा, टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात जेमतेम दोन सेंटिमीटर. एकाने धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे मांजराचं नेहमीचं तापमान. आपल्याला तो ताप वाटेल, पण नसतो. १०३.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन करा. ९९ च्या खाली आलं तर तापापेक्षाही जास्त घाबरण्यासारखं आहे. मांजर मोजूच देत नसेल तर झटापट करू नका. त्याची भूक आणि हालचाल बघून पुरेसं कळतं.

गोळा आला आणि दवाखाना दुसऱ्या दिवशीच उघडणार असेल, तर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून पिळलेलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. कापड स्वतःच्या मनगटावर लावून बघा, चटका बसता कामा नये. गोळा पिळू नका, सुईने फोडू नका. पिळलेला पू आतल्या बाजूलाही पसरतो. आपोआप फुटला तर घाणेरड्या वासाचा पिवळा-तपकिरी पू येईल. घाबरू नका, फुटल्यावर मांजराला चटकन हलकं वाटतं. सलाईनने धुवत राहा, भोक मिटू देऊ नका, आणि तरीही दवाखान्यात न्या, कारण आत पोकळी किती मोठी आहे ते बाहेरून कळत नाही.

खाणं

मांजराला उपास झेपत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून कावीळ होते. जाडजूड मांजरात हे लवकर होतं. म्हणून २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा.

मांजर वासावर जेवतं. नाक रक्ताने किंवा शेंबडाने भरलं असेल तर ओल्या गॉजने पुसा, मग खायला द्या. अन्न कोमट असलं की वास उठतो. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन बारीक कुस्करून त्याच्याच पाण्यात द्या. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे आपल्या जेवणातला रस्सा नको. उकडलेलं अंडं चालतं. सुकट आवडत असेल तर पाण्यात भिजवून मीठ काढून चिमूटभर वर भुरभुरा, वासाने भूक चाळवते. दूध टाळा, मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाबाने ते आणखी गळतं. पाणी दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर लागतं, म्हणजे चार किलोच्या मांजराला २०० मिलिलिटर. त्यात चिकनचं पाणीही धरा.

सिरिंजने भरवायचं तर मांजर पूर्ण जागं असतानाच, बसवून, तोंडाच्या कोपऱ्यातून, एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर. गिळलं की मगच पुढचं.

खोली, कॉलर, रद्दी

दहा ते चौदा दिवस बाहेर सोडायचं नाही. ते ओरडेल, दार खरवडेल, तुम्हाला वाईट वाटेल. तरी नाही. कौलारू घरात वरून वाट असते, ती आधी बंद करा. पलंगाखाली पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात तुमचा वापरलेला सदरा किंवा साडीचा तुकडा टाका.

शी-शूच्या तसराळ्यात वाळू किंवा माती नको, ती जखमेत चिकटते. जुन्या तरुण भारतचे फाडलेले तुकडे पुरतात, रोज बदलता येतात आणि लघवी किती झाली तेही दिसतं.

मांजराची जीभ खरखरीत, ती टाके उसवते. चाटल्याने जखम बरी होते ही समजूत सोडा. गळ्यात कॉलर घालायलाच हवी. विकतची मिळाली नाही तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मची शंकूसारखी करा, कडांना कापडी पट्टी शिवा म्हणजे मान कापणार नाही. गळ्याशी दोन बोटं आत गेली पाहिजेत. जेवताना काढावी लागली तर समोर बसून राहा. अंगावरच्या जखमेला लहान बाळाचं झबलं घालून मागून शेपटीसाठी कापलं तरी काम भागतं.

पावसाळ्यात

खानापूरच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात काहीच वाळत नाही आणि माश्या घोंघावत असतात. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की एका दिवसात अळ्या होतात. खोलीला मच्छरदाणीची जाळी लावा, जखमेभोवतीचे केस कापून घ्या, पू आणि घाण सुकू देऊ नका. केसांत भाताच्या बारीक कणांसारखे पांढरे पुंजके दिसले तर ती अंडी. बारीक कंगव्याने काढून टाका. अळ्या दिसल्या तर घरी औषध ओतू नका, लगेच दवाखाना. त्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात. अंगाखालचं कापड रोज बदला, चुलीशेजारी किंवा इस्त्रीने कोरडं करून.

घरातली दुसरी मांजरं

हे अनेकांना माहीत नसतं आणि मग घरातच दुसरं भांडण होतं. दवाखान्यातून आलेल्या मांजराला औषधाचा, परक्या कुत्र्यांचा वास लागलेला असतो. कालपर्यंत त्याला चाटणारी बहीण त्याला ओळखत नाही आणि फिस्कारते. दोघांना रागावू नका. आजाऱ्याला वेगळी खोली द्या, एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या जागेत ठेवा, दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवायला घाला. वास मिसळला की बहुतेक वेळा आठवड्याभरात जमतं. खाण्यापिण्याची भांडी मात्र वेगळी ठेवा.

पुन्हा बाहेर सोडण्याआधी

जखम पूर्ण भरली, टाके निघाले, भूक पहिल्यासारखी झाली आणि ते चारही पाय टाकून उडी मारतंय, हे सगळं जमलं तरच. सुरुवातीला दिवसा, जेवणाच्या आधी, थोडा वेळ. भुकेलं मांजर हाकेला परत येतं. अंधार पडायच्या आत आत घ्यायची सवय लावा, कारण बोक्यांची आणि कुत्र्यांच्या टोळ्यांची भांडणं बहुतेक रात्री होतात.

बोका असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर हीच वेळ. नसबंदीने त्याचं भटकणं, हद्दीसाठी भांडणं बरंच कमी होतं. «पाप लागतं» म्हणणारे घरात असतील तर त्यांना जखमेचे फोटो दाखवा आणि प्रत्येक माघ-फाल्गुनात हेच परत होणार हे सांगा. पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाची करून घेतली तर या लेखातलं बरंचसं तुम्हाला कधी वापरावंच लागणार नाही.

रेबीजची लस दरवर्षी, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून. आणि चावा दुसऱ्या मांजराचा होता तर साधारण दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून घ्या: मांजरांत चाव्यातून एफआयव्ही नावाचा विषाणू पसरतो, तो प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतो, आणि आधी केलेल्या तपासणीत तो दिसेलच असं नाही. त्याच रक्तात ल्युकेमियाच्या विषाणूचीही तपासणी होते. दोन्ही विषाणू माणसाला होत नाहीत. तपासणीत एफआयव्ही निघाला तरी मांजर अनेक वर्षं चांगलं जगू शकतं. फक्त त्याला घरातच ठेवायचं, आणि बारीकसारीक दुखणंही लवकर दाखवायचं.